सांबाराने किडनी धुतली जात नाही



आज जरा रागातच लिहिते आहे. "सांबाराची एक जुडी रोज वाटून प्या, किडनी साफ होईल" हा व्हिडिओ तुमच्याही घरी आला असेल. आमच्या मारेगावात कोथिंबिरीला सांबारच म्हणतात, बाहेरच्या वाचकांनी गैरसमज करू नये.

माझ्या सासूबाईंच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून त्या रोज वॉरफरिनची गोळी घेतात. चौमासात आमच्याकडे हिरवा पाला पूर्ण बंद, म्हणजे चार महिने गोळीचा डोस त्या जेवणावरच बसलेला. कार्तिकी पौर्णिमेला चौमासा संपला आणि कुणीतरी पाठवलेला तो व्हिडिओ पाहून आईंनी दुसऱ्या दिवसापासून जुडी वाटून, न गाळता प्यायला सुरुवात केली. मीच मिक्सर फिरवून देत होते! तीन आठवड्यांनी आयएनआर तपासला तर १.४. डॉक्टरांनी त्यांना तो अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायला सांगितलेला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "पालेभाजी वाढवली का?"

१०० ग्रॅम कच्च्या सांबारात सुमारे ३०० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन के असतं. वॉरफरिन रक्त गोठणं थोपवते ती याच व्हिटॅमिनचं काम अडवून. आपण एकीकडून गोळी देत होतो आणि दुसरीकडून तिचा परिणाम काढून घेत होतो.

आता किडनी. रक्त गाळणारं ते काम स्वतः किडनीच करते, तिला बाहेरून धुणारा रस नाही. उलट किडनी खरंच खराब झाली असेल तर डॉक्टर पोटॅशियम कमी करायला सांगतात, आणि जुडीभर पाल्यात ते भरपूर असतं. ज्याला गरज वाटते त्यालाच धोका.

मी या वनस्पतींच्या विरोधात नाही. ओवा, जिरे, बडीशेप, शेपू, धने, हिंग, सगळी एकाच घराण्यातली, बहुतेकांची फुलं उघड्या छत्रीसारखी. (आपण ज्याचा कंद म्हणून त्याग करतो ते गाजरही याच घरातलं.) ओव्यातला थायमॉल जंतू मारतो, माउथवॉशमध्येसुद्धा घालतात. पोट जड झालं तर मीही ओवाच देते. पण पाल्यात गुण आहे म्हणता, तर तो गुण उलटूही शकतो हे मान्य करा. "घरगुती आहे, काय होतंय?" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. आपल्याकडे प्रमादाला हिंसेचं मूळ म्हटलंय, मग न वाचता पुढे ढकललेला उपाय कशात मोडतो?

काही भगिनी म्हणतील, पूर्वी कुठे होत्या या तपासण्या? पूर्वी कृत्रिम झडपही नव्हती, ताई.

आईंचा डोस पुन्हा बसायला महिना गेला. गुठळी झाली नाही, एवढं नशीब. आता सांबार रोज मूठभर, वरणावर. चौमासा लागण्याआधी आणि संपल्यावर आयएनआर तपासायचा, तारखा मी कॅलेंडरवर लिहून ठेवल्यात. सांबारवडी करायचीच झाली तर आईंच्या ताटात दोन.