पैनगंगेपलीकडे नेलेल्या पेशंटचं काय होतं?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

ढाणकीत कुणाची तब्येत हाताबाहेर गेली की त्याला नांदेडला हलवतात. आमचा जिल्हा यवतमाळ, पण जिल्ह्याचं सरकारी मेडिकल कॉलेज शंभरावर किलोमीटर लांब. पैनगंगा ओलांडली की नांदेडचं विष्णुपुरी त्याहून जवळ. म्हणून ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ दरम्यान चोवीस तासांत तिथल्या सरकारी रुग्णालयात २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं होती, ही बातमी आम्हाला परजिल्ह्यातली वाटली नाही.

रुग्ण लांबून आणि गंभीर अवस्थेत आले होते, असं तेव्हा सांगण्यात आलं. हे खरंच धरून चालू. मग ते इतके गंभीर कुठे झाले? घरी, उमरखेडच्या दवाखान्यात, की गाडीची वाट बघताना?

याचं उत्तर कुठल्याही कागदावर नाही. आमचा माणूस आधी गावच्या आरोग्य केंद्रात जातो, तिथून उमरखेडच्या सरकारी दवाखान्यात, तिथून चिठ्ठी घेऊन नांदेडला. १०८ ची रुग्णवाहिका वेळेत आली तर ठीक, नाहीतर भाड्याची गाडी. उमरखेडच्या रजिस्टरात त्याच्यापुढे ‘रेफर’ लागतं आणि तिथला हिशेब मिटतो. नांदेडला तो गेला तर मृत्यू नांदेडच्या नावावर. नातेवाइकांनी आशा सोडली किंवा पैसे संपले, तर ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत’ अशी सही करून ते पेशंटला घरी आणतात. तो दोन दिवसांनी ओसरीवर गेला तरी दवाखान्याच्या लेखी डिस्चार्जच. अशा नोंदींवरून कोणत्या दवाखान्यात किती पेशंट वाचतात, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

श्रीमंत आणि गरीब देशांची तुलना वाचतानाही हेच खटकतं. पोटाचे-आतड्यांचे जन्मजात दोष असलेल्या बाळांचा एक मोठा अभ्यास २०२१ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. श्रीमंत देशांच्या रुग्णालयांत अशी ५.६ टक्के बाळं दगावली, मध्यम उत्पन्नाच्या देशांत २०.४ टक्के, गरीब देशांत ३९.८ टक्के. आपण मधल्या रांगेतले. पण हे आकडे रुग्णालयापर्यंत पोचलेल्या बाळांचे. जी वाटेतच गेली, ती यात नाहीत. म्हणजे खरी दरी याहून खोल असणार.

पैसा नाही म्हणून माणसं मरतात, हे उत्तर मला अर्धवट वाटतं. आफ्रिकेतल्या २५ देशांचा शस्त्रक्रियांचा अभ्यास २०१८ मध्ये आला. तिथले पेशंट वयाने लहान, त्यांना गुंतागुंतही कमी झाली, तरी मृत्यू जगाच्या सरासरीच्या दुप्पट. बहुतेक मृत्यू ऑपरेशननंतर झाले. बिघडतंय हे वेळेत कुणाच्या लक्षात आलं नसावं.

यवतमाळला हे समजायला आफ्रिका लागत नाही. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. अशा अनेक विषांवर पहिलं औषध अ‍ॅट्रोपिन, आणि ते स्वस्त आहे. पण एक इंजेक्शन टोचून भागत नाही. दर काही मिनिटांनी छाती ऐकायची, नाडी बघायची, बाहुल्या बघायच्या, त्याप्रमाणे डोस वाढवायचा. फुफ्फुसातलं पाणी हटेपर्यंत खाटेजवळून हलायचं नाही. रात्री एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असेल, तर कपाटातल्या अ‍ॅट्रोपिनने कोण वाचणार?

आणि मोजल्याने फरक पडतो, हे आपल्याच राज्यात सिद्ध झालंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावोगावचा प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू नोंदवला, गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ने छापलं. तिथे ना काचेची इमारत होती, ना परदेशी यंत्रं.

माझं मागणं एवढंच. रेफर केलेल्या पेशंटला गावच्या आरोग्य केंद्रापासून नांदेडच्या खाटेपर्यंत एकच नंबर द्या. गाडी कधी मागितली, कधी आली, डॉक्टरने पेशंटला कधी पाहिलं, या वेळा त्याखाली लिहा. तीस दिवसांनी गावच्या आशा सेविकेने घरी जाऊन माणूस आहे की गेला, ते नोंदवावं. अडचण मला कळते. आरोग्य केंद्र तुमच्या खात्याचं, विष्णुपुरीचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याचं, नदीच्या अलीकडे एक जिल्हा, पलीकडे दुसरा. पण झटके येत असलेला माणूस खातं बघून आजारी पडत नाही.

उमरखेड-नांदेड या एकाच वाटेवर, फवारणीचे दिवस लागायच्या आत, सुरुवात करा. दर तिमाहीचे आकडे ढाणकी नगरपंचायतीच्या फलकावर लागू द्या, वाईट असले तरी. आणि आशाताईला या कामाचे पैसे वेगळे द्या. तिच्या पिशवीत आधीच रजिस्टरं मावत नाहीत.

आपला,
ढाणकीचा एक रहिवासी