जीवशास्त्रातील ‘जाती’ आणि गावातील जात

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात सजीवांच्या वर्गीकरणाची उतरंड दिलेली असते. सृष्टीपासून आरंभ करून ती कुल, प्रजाती अशा पायऱ्यांनी खाली येते आणि सर्वांत शेवटच्या पायरीवर ‘जाती’ हा शब्द येतो. ज्याच्या आईबापांनी धम्मदीक्षा घेऊन जातीचा त्याग केला, असे मूल हा शब्द वाचून घरी येते आणि विचारते, वाघसिंहांतही जर जाती असतात तर त्या निसर्गानेच केल्या असल्या पाहिजेत ना? हा प्रश्न भाबडा समजून टाळू नये. जातिभेदाचे समर्थन करणारे सुशिक्षित लोक नेमका हाच युक्तिवाद शास्त्राचा मुलामा देऊन करीत आले आहेत. म्हणून त्याचे उत्तर घरोघरी ठाऊक असणे अगत्याचे आहे, आणि ते जीवशास्त्रातूनच दिले पाहिजे.

जीवशास्त्रात जाती कशास म्हणतात? अर्न्स्ट मायर या शास्त्रज्ञाने 1942 साली केलेली व्याख्या आजही सामान्यतः प्रमाण मानतात. ज्या प्राण्यांचा निसर्गतः परस्परांत संयोग होऊन प्रजननक्षम संतती होते, ते सर्व एका जातीचे. घोडा आणि गाढव यांचे उदाहरण सर्वांच्या पाहण्यातले आहे. घोड्याच्या पेशीत 64 गुणसूत्रे असतात व गाढवाच्या 62. त्यांच्यापासून झालेल्या खेचराच्या वाट्यास 63 येतात. खेचर बळकट असते, ओझी वाहते, परंतु प्रजननासाठी गुणसूत्रांच्या ज्या जोड्या जुळाव्या लागतात त्या त्याच्या शरीरात नीट जुळत नाहीत. त्यामुळे अत्यंत विरळ अपवाद सोडल्यास त्यास संतती होत नाही. घोडा व गाढव यांच्यामधील भिंत ती ही.

किंबहुना पुष्कळदा गोष्ट संततीपर्यंत जातच नाही. पहिला पाऊस पडून गेल्यावर सह्याद्रीच्या पायथ्याशी रात्री उभे राहावे. बेडकांचा तो कल्लोळ आपल्याला एकच वाटतो, परंतु त्यात अनेक जातींचे नर निरनिराळ्या स्वरांत साद घालीत असतात आणि मादी आपल्याच जातीच्या सादेकडे जाते. उत्तर अमेरिकेतील काही काजव्यांत नर उडता उडता ठराविक अंतराने प्रकाश देतो व गवतात बसलेली मादी ठराविक वेळाने उत्तर देते. ताल चुकला की भेट होत नाही. तेथे कोणी पंच बसलेले नसतात आणि कोणास वाळीत टाकावे लागत नाही.

आता अशा जाती निर्माण कशा होतात? डोंगर, नदी किंवा समुद्र आडवा येऊन एका जातीचे दोन गट दीर्घकाळ वेगळे पडतात. प्रत्येक गटात लहान लहान फरक साठत जातात. पुढे केव्हा तरी ते पुन्हा एकत्र आले तरी एकमेकांस ओळखत नाहीत, किंवा त्यांची संतती टिकत नाही. हा सर्वसाधारण मार्ग होय. परंतु याहून जलद मार्गही आहे आणि आपल्या प्रतिपक्षाला तो फार सोयीचा वाटेल, म्हणून तो लपवू नये.

पॅसिफिक महासागरातील गालापागोस बेटांपैकी डॅफ्नी मेजर या चिमुकल्या बेटावर पीटर व रोझमेरी ग्रँट या दांपत्याने 1973 पासून कित्येक दशके फिंच पक्ष्यांचे निरीक्षण केले. 1981 साली तेथे शंभराहून अधिक किलोमीटर अंतरावरच्या बेटावरून एक थोराड नर आला. त्याने स्थानिक जातीच्या मादीशी जोडी जमविली. त्याच्या वंशजांची चोच मोठी आणि गाणे निराळे. नराचे गाणे बापाकडून शिकलेले असते. स्थानिक माद्यांनी त्या परक्या गाण्यास प्रतिसाद दिला नाही. मध्यंतरी एका दुष्काळात या कुळातील केवळ एक भाऊ व एक बहीण उरली आणि वंश त्यांच्यापासून पुढे चालला. दुसऱ्या पिढीपासून हे कुळ स्वतःतच प्रजनन करीत राहिले. 2017 साली हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्यास नवी जाती म्हणावे की काय याबद्दल मतभेद असू शकतील. वेगळेपण मात्र स्पष्ट आहे.

“मग आमच्या जातींनीही दोन हजार वर्षे आपापल्यातच लग्ने केली, त्या का वेगळ्या झाल्या नसतील?” असे येथे विचारले जाईल. या कुळाची सुरुवातच संकरातून झाली, हे विचारणारा विसरतो, ते असो. खरे उत्तर काळाच्या मोजमापात आहे. दोन हजार वर्षे म्हणजे मनुष्याच्या फार तर ऐंशी पिढ्या. निअँडरथल मानव व आपले पूर्वज यांचे वंश सुमारे पाच लाख वर्षांपूर्वी, किंवा त्याच्याही आधी, अलग झाले होते. तरीही पुढे त्यांचा संयोग झाला, त्या संततीला संतती झाली, आणि आफ्रिकेबाहेरच्या सर्व लोकांत, अर्थात आपल्यातही, निअँडरथलांचा एक ते दोन टक्के वारसा आहे असे 2010 पासूनच्या संशोधनाने दाखविले. पाच लाख वर्षांनी जी भिंत उभी राहिली नाही ती ऐंशी पिढ्यांनी कशी राहावी?

शिवाय या देशातील लोक मुळात वेगळे नव्हतेच. हैदराबाद व हार्वर्ड येथील संशोधकांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार सुमारे 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वीच्या काळात येथील लोकसमूहांचे व्यापक मिश्रण झाले, आणि बेटीबंदी घट्ट झाली ती त्यानंतर. परमपूज्य बाबासाहेबांनी 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, परंतु होऊ न दिलेल्या भाषणात हेच मांडले होते: वंशांचे मिश्रण आधी झाले, जाती नंतर आल्या, आणि निरनिराळ्या वंशांचे लोक मानले तरी ते एकाच जीवजातीचे असून त्यांची संतती वांझ नसते. जनुकांची परीक्षा तेव्हा अस्तित्वातही नव्हती.

याची साक्ष खुद्द मनुस्मृतीत आहे. तिच्या दहाव्या अध्यायात वर्णसंकरातून झालेल्या जातींची लांबलचक यादी आहे आणि त्या संकरितांपासून पुन्हा झालेल्या जातींचीही नावे आहेत. म्हणजे संकराच्या संततीला संतती होत होती हे ग्रंथकारास पक्के ठाऊक होते! खेचरांच्या पोटजातींची यादी करण्याची पाळी कोणावर आलेली नाही.

आणि संकर म्हणजे ऱ्हास, हा समज तर स्वयंपाकघरातच खोटा ठरतो. सांगली-साताऱ्याकडे खपली गहू पेरतात, त्याची खीर करतात. त्यात 28 गुणसूत्रे असतात. सुमारे 8 ते 10 हजार वर्षांपूर्वी कॅस्पियन समुद्राच्या परिसरात याच गणातील गव्हाचा 14 गुणसूत्रांच्या एका रानगवताशी संकर झाला. पहिले रोप 21 गुणसूत्रांचे, म्हणजे जवळजवळ खेचरासारखेच वांझ. परंतु त्यातील गुणसूत्रे दुप्पट झाली आणि 42 गुणसूत्रांची नवी, प्रजननक्षम जाती उदयास आली. चपातीचा गहू तो हाच. शुद्धतेचा अभिमान धरणाऱ्याच्या ताटातही तोच वाढलेला असतो.

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने, असा वाद घेऊन दोन तरुण तथागतांकडे येतात. तथागत गवत, वृक्ष, कीटक, चतुष्पाद, सर्प, मासे व पक्षी यांच्यातील जन्मसिद्ध भेद क्रमाने सांगतात आणि केस, कान, डोळे इत्यादी अवयव मोजून मनुष्यांत तसा भेद नाही असे दाखवितात. त्या सुत्तातही शब्द ‘जाति’ हाच आहे. म्हणजे या शब्दाचा घोटाळा जुना, आणि त्याचा उलगडाही तितकाच जुना.

पाठ्यपुस्तकातील शब्द बदलावा असा काहींचा आग्रह असेल. माझा तसा नाही. वर्तमानपत्रे अलीकडे ‘प्रजाती’ लिहितात, तेवढ्याने गावातील जात कमी झाली नाही. मात्र त्या धड्यात ‘जाती’ या शब्दाखाली एक वाक्य छापले जावे: पृथ्वीवरील सर्व माणसे एकाच जातीची आहेत, तिचे नाव होमो सेपियन्स. पालकांनी शाळेच्या सभेत ही मागणी लेखी करावी. आणि ते वाक्य छापले जाईपर्यंत आईने खपलीचे व चपातीच्या गव्हाचे मूठ-मूठ दाणे मुलापुढे ठेवून ही हकीकत त्यास सांगावी.