पंगतीचे आवतण

नारळाच्या बागेत टांगलेल्या बादलीला आपण सरसकट ‘कामगंध सापळा’ म्हणतो. सोंड्या भुंग्यापुरते तरी हे नाव फसवे आहे. कापसावरच्या बोंडअळीत गंध सोडते पतंगाची मादी आणि धावत येतात ते नर, म्हणून त्या सापळ्यात नरच सापडतात. सोंड्याचे उलटे. इथे गंध सोडतो नर, आणि त्याच्या हाकेवर माद्या येतात, तसे दुसरे नरही येतात. हे स्थळ पाहणे कमी, पंगतीचे आवतण जास्त.

हा गंध, फेरुजिनिऑल, शास्त्रज्ञांनी १९९३ साली ओळखला. तो प्रयोगशाळेत बनवता येतो आणि ल्यूर म्हणून विकतही मिळतो. पण पंगत म्हटली की पान वाढलेले हवे. नुसत्या ल्यूरवर भुंगे बेताचेच येतात. सोबत आंबलेला ऊस, केळे किंवा ताडी असली की झुंबड उडते. चिरलेल्या माडाच्या गाभ्यालाही असाच आंबूस वास येतो. गेंड्या भुंग्याने कोंब पोखरला किंवा हिरवी झावळी तोडताना कोयती बुंध्याला लागली, की सोंड्याची मादी त्याच जखमेत अंडी घालते. पुढे अळ्या आतून खोड खातात आणि वरून माड हिरवागार दिसत राहतो.

आवतणाला आलेला प्रत्येक पाहुणा बादलीत उतरतोच असे नाही. बादली गुळगुळीत असेल तर त्याला चढता येत नाही (बाहेरून गोणपाट गुंडाळायचे ते याचसाठी), आतले पाणी आटले असेल तर उतरलेलाही चालता होतो. असे भुंगे मग जवळचा माड गाठतात. आठवड्या-दहा दिवसांनी ऊस-पाणी बदलणे जमणार नसेल, तर सापळा लावूच नये. आणि साऱ्या वाडीत मिळून एकाच बागेत बादली असेल, तर शेजाऱ्यांचे भुंगेही तिथेच जेवायला येणार, हेही धरून चालावे.

मध्यंतरी एका बागेत अशी बादली पाहिली. ल्यूर नवे कोरे, तळाशी वाळलेली चिपाडे, तोंडावर कोळ्याचे जाळे. ती टांगायला कोवळ्या माडातच चार इंची खिळा ठोकला होता आणि खिळ्याखालून तांबूस चिकट रस ओघळत होता.