चिकूच्या मुलुखात सायकलवर

फ्रान्सच्या दक्षिणेला तुलूज शहरापासून भूमध्य समुद्राकाठच्या सेत बंदराकडे एक कालवा जातो. कनाल द्यु मिदी हे त्याचं नाव. १६८१ साली तो खुला झाला, लांबी सुमारे २४० किलोमीटर, आणि १९९६ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पूर्वी घोडे काठाने चालत नावा ओढायचे. घोडे गेले, वाट राहिली. आज त्या वाटेवरून देशोदेशीचे लोक द्राक्षमळे बघत सायकलने फिरतात. मळेवाल्याच्या अंगणात थांबतात, वाइन चाखतात, एखादी बाटली विकत घेतात आणि गावातच मुक्काम करतात. आपल्याकडचेही पुष्कळ जण हल्ली ती सफर करून येतात. त्यांच्याकडून ती वर्णनं ऐकताना मला चर्चगेटपासून १२४ किलोमीटरवरचं डहाणू रोड स्टेशन आठवतं. फळबागांमधून सायकलने हिंडण्याचं सुख आपल्या लोकलच्या शेवटच्या स्टेशनाबाहेर उभं आहे आणि आपण त्याच्याकडे पाहत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

डहाणूहून उत्तरेला बोर्डीपर्यंतचा किनाऱ्याचा रस्ता साधारण सतरा किलोमीटरचा. नरपड, चिखले, घोलवड अशी गावं एकामागून एक येतात. चढ जवळपास नाहीच. एका बाजूला सुरूची बनं आणि पलीकडे समुद्र, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. मोटारीने हा रस्ता अर्ध्या तासात संपतो आणि लक्षात राहतो तो फक्त किनारा. सायकलवर वाडीच्या आतलं जग दिसू लागतं. झाडाखालचा गार, काळपट अंधार दिसतो, कुंपणापाशी रचलेले क्रेट दिसतात, माणसांचं बोलणं ऐकू येतं. कुणी हाक मारली तर ब्रेक दाबून लगेच थांबता येतं. या मुलुखाला हाच वेग मानवतो.

चिकू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. महाराष्ट्रात त्याची लागवड सुरू झाली ती १८९८ साली, घोलवडला. पुढे इथल्या इराणी-पारशी कुटुंबांनी आणि इतर बागायतदारांनी तो किनारपट्टीभर वाढवला. आज पालघर जिल्ह्यात सुमारे पाच हजार हेक्टरांवर चिकू आहे. मुख्य जात कालीपत्ती. झाडं दहा-दहा मीटरवर लावलेली असतात, कारण आजोबांनी लावलेलं झाड नातवाच्या काळातही फळ देतं आणि त्याचा घेर तेवढी जागा मागतो.

चिकू झाडावर पिकू देत नाहीत. तो कडक असतानाच उतरवतात आणि चार-सहा दिवसांनी तो मऊ होतो. म्हणून फळ तयार झालं की नाही हे ओळखणं ही इथली खरी विद्या. सालीवरची तपकिरी भुकटी सहज झडू लागली, आणि नखाने हलकेच खरवडल्यावर खाली हिरवं न दिसता पिवळसर दिसलं, की फळ काढायचं. टोकाला जाळी लावलेली लांब काठी घेऊन माणसं फांद्यांमध्ये शिरतात. देठातून पांढरा चीक गळतो आणि हाताला चिकटून बसतो. ही नजर बहुतेक वाड्यांवर वारली, धोडी, दुबळा समाजाच्या मजुरांची आहे. वाडी बागायतदाराच्या नावावर असली तरी फळाची पारख या मजुरांच्या बोटांत आहे. सायकल थांबवून दहा मिनिटं उभं राहिलं तरी हे कळतं. बाजारात किलोने चिकू घेताना कधीच कळत नाही.

फ्रान्सने १९३५ मध्ये कायदा करून वाइनचं नाव तिच्या मातीशी बांधलं. ठरलेल्या टापूतल्या, ठरलेल्या पद्धतीच्या वाइनलाच ते नाव लावता येतं. आपल्याकडे २०१६ मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळालं. घोलवडच्या मातीत कॅल्शियम भरपूर आहे आणि गोडीचं श्रेय तिला दिलं जातं. २०२१ मध्ये हा मानांकित चिकू ब्रिटनला रवाना झाला. बोर्डीत चिकूपासून वाइन करणारी हिल झिल ही वाइनरी उभी राहिली. घरोघरी चिकूच्या चिप्स आणि पावडर तयार होऊ लागली. या सगळ्याची गरज आहे, कारण पिकलेला चिकू थांबत नाही. बाजारात आवक वाढली की भाव पडतो, पावसाळ्यात बुरशीने फळ गळतं, बी पोखरणारी अळी उरलेल्यातलं नासवते. म्हणून वाडीच्या दारात येऊन, योग्य भाव देऊन फळ घेणारा माणूस बागायतदारालाही हवा असतो आणि मजुरालाही. मोटारवाला सहसा रिसॉर्टवर जाऊन थांबतो. सायकलवाल्याला पाणी हवं असतं, सावली हवी असते, खायला काहीतरी हवं असतं आणि ती सगळी खरेदी तो वाटेतल्या गावातच करतो.

बोर्डीहून थोडं पुढे गेलं की झाई येतं. तलासरी तालुक्याला समुद्र लागतो तो इथे. मचव्यांवरची जाळी आणि वाळत घातलेले बोंबील पाहून पूर्वेला वळायचं. रेल्वेचे रूळ ओलांडले की मुलुख बदलतो. चिकू विरळ होतो, ताड आणि शिंदी वाढतात, भाताची खाचरं सुरू होतात आणि रस्ता हळूहळू वर चढू लागतो.

घोलवडहून आत शिरलं तर कोसबाडची टेकडी लागते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, असं या दोघींनी ठरवलं. अंगणवाडीची कल्पना इथे रुजली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी रानातच भरणारी कुरणशाळा निघाली. देशभरातल्या अंगणवाड्यांचं मूळ या चढावर आहे, हे तिथे सायकल ढकलत जाताना मुलांना सांगावं.

दक्षिणेकडे, डहाणू-जव्हार रस्त्यावर गंजाड आहे. जिव्या सोमा म्हसे यांचं हे गाव. लग्नाचा चौक भिंतीवर लिहिणाऱ्या सवासिनींची वारली चित्रकला त्यांनी कागदावर आणि कापडावर आणली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते गेले. आज या टापूतल्या पाड्यापाड्यांवर चित्रं काढणारी तरुण मुलं-मुली आहेत. शहरातल्या दुकानात छापील वारली चित्र घेण्यापेक्षा त्यांच्या हातचं चित्र त्यांच्याच ओसरीवर बसून घ्यावं.

आता तलासरीबद्दल थोडं. फळबागांच्या मुलुखाचं कौतुक करताना घामाचा हिशेब सोडून चालत नाही. २३ मे १९४५ रोजी झरी या गावी हजारो वारली जमले. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर जमीनदाराकडे राबणाऱ्याला ‘लग्नगडी’ म्हणत. ही गुलामी आणि वेठबिगार झुगारून द्यायचा निर्धार त्या सभेने केला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगडसह पाच जण हुतात्मे झाले. गोदावरीबाईंनी हा सगळा लढा ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहून ठेवला आहे. फ्रान्सच्या त्या रमणीय द्राक्षमळ्यांमागेही असाच इतिहास आहे. भेसळीच्या वाइनने भाव कोसळले म्हणून १९०७ मध्ये तिथले लाखो द्राक्षउत्पादक रस्त्यावर उतरले आणि नार्बोन शहरात सैन्याच्या गोळ्यांनी माणसं मेली. त्याच वर्षी भेसळीविरुद्ध कायदा झाला. लढणाऱ्यांमुळेच तिथली वाइन आणि इथला माणूस आपलं नाव राखून आहेत. झरीच्या रस्त्याने जाताना ही आठवण सोबत असावी, असं मला वाटतं.

मुंबई आणि वापी यांच्यामधला हा पट्टा अजून हिरवा राहिला, त्यालाही कारण आहे. २० जून १९९१ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक घोषित केला आणि उद्योगांसाठी तालुकाभरात जास्तीत जास्त ५०० एकर जमीन ठरवून दिली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या आदेशानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९ मध्ये निधन होईपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. आज आपल्याला वाड्यांची जी सावली मिळते, तिच्यात या प्राधिकरणाच्या चिकाटीचा वाटा आहे.

ही सावली पुढे टिकेल का, हा आजचा प्रश्न आहे. याच किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. प्रकल्पाचा खर्च ७६ हजार कोटींच्या घरात आहे. मच्छीमार आणि बागायतदारांनी वर्षानुवर्षं त्याला विरोध केला आहे. शिवाय बुलेट ट्रेन आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग याच जिल्ह्यातून जातात. बंदराविषयी कुणाचं मत काहीही असो, मोठ्या रस्त्यांसाठी झाडं तुटतात आणि अरुंद रस्त्यांवर अवजड ट्रक येतात, हे आपण महाराष्ट्रभर पाहिलं आहे. एकदा किनाऱ्याचा रस्ता ट्रकांचा झाला की तो सायकलला परत मिळत नाही.

म्हणून माझं मागणं आजचं आहे. जिल्हा परिषद आणि सार्वजनिक बांधकाम विभाग यांनी डहाणू-बोर्डी-झाई-तलासरी-कोसबाड असा सायकलमार्ग आखावा आणि विकास आराखड्यात त्याची नोंद करावी. त्याला कालव्याएवढा खर्च लागत नाही. रस्ता आहेच. मराठीत दिशाफलक, दर काही किलोमीटरवर पिण्याचं पाणी, कडेची झाडं न तोडण्याची हमी आणि अवजड वाहनांना ठरावीक वेळी बंदी, एवढं पुरे. राज्याचं २०२०चं कृषी पर्यटन धोरण आहे. त्याचा लाभ मोठ्या वाडीवाल्यांइतकाच पाड्यावरच्या दोन खोल्यांच्या घरालाही मिळावा. लोकलच्या मालडब्यातून सायकल आणणं रेल्वेने सुट्टीच्या दिवशी तरी सोपं करावं.

वाचकांनाही सांगणं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. पहाटे निघा, ऊन चढण्याआधी सावली गाठा. राष्ट्रीय महामार्ग ४८ फक्त ओलांडा, त्याच्यावरून सायकल चालवू नका. गियरची महागडी सायकल नसली तरी चालेल, साध्या सायकलने किनारा सहज होतो. पाड्यावर विचारल्याशिवाय फोटो काढू नका. फळ वाडीत घ्या, चित्र चितारणाऱ्याकडून घ्या, जेवण गावात जेवा आणि भावात घासाघीस करू नका. जितके लोक या रस्त्यावर सायकलने येतील, तितका या रस्त्यावर त्यांचा हक्क पक्का होईल. येत्या थंडीत या.