फाउंडेशनची सूट, पण पायाचे काय?

विशेष प्रतिनिधी

मराठी मध्यमवर्गात शाखा एकदाच निवडायची असते, असा समज दीर्घकाळ होता. दहावीच्या निकालानंतर विज्ञान, वाणिज्य आणि कला अशी वाटणी होई आणि त्या वाटणीवरच पुढच्या चाळीस वर्षांची नोकरी बेतली जाई. ही चौकट आता सैल झाली आहे. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे बारा हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा संगणक अभियंत्याची नोकरी म्हणजे निश्चिंती, या समजालाही तडा गेला. अशा वेळी इतर शाखांच्या पदवीधरांची नजर ज्या व्यवसायांकडे वळते, त्यांत लेखाकर्माचा क्रमांक वरचा आहे. तेजी असो वा मंदी, हिशेब ठेवावेच लागतात, विवरणपत्रे भरावीच लागतात आणि लेखापरीक्षण करून घ्यावेच लागते. हा तर्क साधा आहे आणि चुकीचाही नाही. मात्र या क्षेत्राचे दार जेवढे सहज उघडते, तेवढी आतली वाट सोपी नाही. त्या वाटेचा हिशेब मांडूनच उंबरठा ओलांडलेला बरा.

दार उघडे, अट माफक

सनदी लेखापाल होण्यासाठी वाणिज्य शाखेचीच पदवी लागते, असे अनेक पालक आजही मानतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. भारतीय सनदी लेखापाल संस्थेने ऑगस्ट २०१२ पासून पदवीधरांना फाउंडेशन पातळीची परीक्षा न देता थेट पुढच्या टप्प्यावर प्रवेश देण्यास सुरुवात केली. वाणिज्य पदवीधरांना त्यासाठी ५५ टक्के, तर इतर शाखांच्या पदवीधरांना ६० टक्के गुण आवश्यक आहेत. वयाची कमाल मर्यादा नाही. पदवीच्या अंतिम वर्षात असलेल्या विद्यार्थ्यालाही तात्पुरती नोंदणी करता येते. बारावीनंतर येणाऱ्या विद्यार्थ्यापुढे जो पहिला अडसर असतो, तो पदवीधरासाठी बाजूला केलेला आहे.

व्यय लेखापालांच्या संस्थेचा मार्गही असाच आहे. भारतीय व्यय लेखापाल संस्थेच्या अभ्यासक्रमात पदवीधराला थेट इंटरमीजिएट टप्प्यावर प्रवेश मिळतो. कारखान्याची उत्पादन प्रक्रिया जवळून पाहिलेल्या अभियंत्याला हा विषय अनेकदा अधिक जवळचा वाटतो, कारण एका नगाच्या उत्पादनाला नेमका किती खर्च आला, हा प्रश्न त्याने यंत्राशेजारी उभे राहून अनुभवलेला असतो.

‘प्रगत’च्या आधीचे काय?

खरी अडचण प्रवेशानंतर सुरू होते. सनदी लेखापाल संस्थेची नवी शिक्षण योजना जून २०२३ मध्ये अधिसूचित झाली आणि मे २०२४ पासून तिच्यानुसार इंटरमीजिएट व फायनलच्या परीक्षा सुरू झाल्या. या दोन्ही टप्प्यांवरील प्रश्नपत्रिकांची संख्या आठवरून सहावर आली. ओझे कमी झाले म्हणून या बदलाचे स्वागत झाले. मात्र वाणिज्येतर पदवीधराच्या दृष्टीने त्यात एक खोच आहे. जुन्या योजनेत इंटरमीजिएटला ‘अकाउंटिंग’ आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड अकाउंटिंग’ असे दोन स्वतंत्र पेपर होते. नव्या योजनेत उरला तो केवळ ‘अ‍ॅडव्हान्स्ड अकाउंटिंग’. प्राथमिक लेखाकर्म फाउंडेशनमध्ये झालेले आहे, असे त्यामागे गृहीत आहे. ज्याला फाउंडेशनमधूनच सूट मिळाली, त्याची पहिली भेट थेट प्रगत लेखाकर्माशी होते. बी.कॉम. झालेल्याने ते अकरावीपासून गिरवलेले असते. भौतिकशास्त्राच्या किंवा इतिहासाच्या पदवीधराने ते कधीच पाहिलेले नसते. सूट परीक्षेतून मिळते, ज्ञानातून मिळत नाही, हा फरक प्रवेशाच्या घाईत अनेकांच्या लक्षात येत नाही.

हे प्राथमिक ज्ञान म्हणजे केवळ बेरीज-वजाबाकी नव्हे. एखाद्या व्यापाऱ्याने मार्चमध्ये एक लाखाचा माल उधारीवर विकला आणि पैसे मे महिन्यात आले, तर ते उत्पन्न कोणत्या वर्षाचे? लेखाशास्त्र सांगते, मार्चमध्ये संपणाऱ्या वर्षाचे. उलट, ग्राहकाने माल घेण्यापूर्वीच आगाऊ रक्कम दिली, तर गल्ल्यात पैसा येऊनही ती उत्पन्न ठरत नाही. ती व्यापाऱ्याच्या डोक्यावरील देणे असते. त्यामुळे वहीत नफा दिसत असताना गल्ला रिकामा असू शकतो. बँकेच्या पासबुकात ‘जमा’ म्हणून दिसणारी शिल्लक खातेदाराच्या स्वतःच्या वहीत ‘नावे’ बाजूला असते, कारण पासबुक बँकेच्या नजरेतून लिहिलेले असते. नवागत पदवीधर अडखळतो तो अशा ठिकाणी. कीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद ही साखळी हाताने सोडवल्याखेरीज अंगवळणी पडत नाही.

अर्थात, ही साखळी इतर शाखांच्या बुद्धीला परकी आहे असेही नाही. द्विनोंदी पद्धतीचे पहिले छापील विवेचन १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये प्रसिद्ध झाले, ते लुका पाचोली या गणितज्ञाच्या गणितावरील ग्रंथात. प्रत्येक व्यवहाराच्या दोन बाजू आणि त्यांचा कायम राखलेला समतोल ही कल्पना समीकरणे सोडवणाऱ्याला पटकन पटते. त्याला कमी पडतो तो सराव.

निकालांचा आरसा

सराव कमी पडला तर काय होते, याचा अंदाज निकालांवरून येतो. मे २०२४ च्या इंटरमीजिएट परीक्षेत दोन्ही गटांना एकाच वेळी बसलेल्यांपैकी १८.४२ टक्के उत्तीर्ण झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये हे प्रमाण ५.६६ टक्क्यांवर आले. फायनलला मे २०२४ मध्ये दोन्ही गटांत १९.८८ टक्के, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये १३.४४ टक्के परीक्षार्थी यशस्वी झाले. हे आकडे सर्व परीक्षार्थींचे आहेत आणि त्यांत वर्षानुवर्षे वाणिज्य शिकलेलेही आले. प्रत्येक पेपरमध्ये किमान ४० आणि गटात एकूण ५० टक्के गुण लागत असल्याने एका विषयातील कच्चेपणा दुसऱ्या विषयातील हुशारीने एका मर्यादेपलीकडे झाकता येत नाही. अभियांत्रिकीत नव्वद टक्के मिळवलेल्या विद्यार्थ्यालाही अपयश पचवण्याची तयारी येथे ठेवावी लागते.

वेळेचे गणितही तितकेच रोखठोक आहे. नोंदणीनंतर इंटरमीजिएटपूर्वी आठ महिन्यांचा अभ्यासकाळ, दोन्ही गट उत्तीर्ण झाल्यावर दोन वर्षांची आर्टिकलशिप आणि ती संपल्यावर फायनलपूर्वी आणखी सहा महिने. परीक्षा आणि निकालांचे महिने धरले, तर एकदाही नापास न होणाऱ्या विद्यार्थ्याला सुमारे साडेतीन वर्षे लागतात. निकालांचे प्रमाण पाहता बहुतेकांना त्याहून अधिक काळ धरून चालावे लागेल. बाविसाव्या वर्षी हे गणित पेलते. अठ्ठाविसाव्या वर्षी, नोकरी सोडून आणि घराचे हप्ते चालू असताना, ते वेगळे दिसते.

विद्यावेतनाचा प्रश्न

नव्या योजनेने आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आणली, हा शाखा बदलणाऱ्यांच्या दृष्टीने मोठा दिलासा होता. मात्र या काळात दुसरी नोकरी करता येत नाही आणि नियमांनुसार मिळणारे किमान विद्यावेतन मुंबई-पुण्यासारख्या शहरात घरभाड्यालाही पुरत नाही. मोठ्या लेखासंस्था त्याहून अधिक देतात, पण तेथील जागा मोजक्या. परिणामी, वाट कायद्याने सर्वांना खुली असली, तरी प्रत्यक्षात तिच्यावरून तोच चालू शकतो, ज्याच्या घरात दुसरी कमाई आहे किंवा ज्याच्या गाठीला बचत आहे. सोलापूर किंवा परभणीहून शहरात येणाऱ्या कला शाखेच्या पदवीधराला अडवतो तो बहुधा हा खर्च. बुद्धीचा प्रश्न नंतरचा.

ब्रिटनमध्ये हीच गोष्ट वेगळ्या रीतीने केली जाते. इंग्लंड आणि वेल्समधील सनदी लेखापालांच्या संस्थेला पदवीच्या विषयाचे सोयरसुतक नसते. इतिहास, भाषा किंवा रसायनशास्त्र शिकलेले तरुण तेथे मोठ्या लेखासंस्थांमध्ये सर्रास दाखल होतात. मात्र तेथील प्रशिक्षणार्थी हा त्या लेखासंस्थेचा पगारी कर्मचारी असतो. शिकण्याचा खर्च विद्यार्थी आणि मालक यांच्यात वाटला जातो. आपल्याकडे तो जवळजवळ सर्वस्वी विद्यार्थ्याच्या कुटुंबावर पडतो.

पगार आधी, शिक्षण नंतर हे तत्त्व भारतात अजिबात नाही असे मात्र नाही. देशाच्या तिजोरीचे परीक्षण करणारी भारतीय लेखापरीक्षण व लेखा सेवा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला नागरी सेवा परीक्षेतून खुली आहे. निवड झालेल्यांना सिमल्यातील राष्ट्रीय अकादमीत लेखाशास्त्र शिकवले जाते. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर स्तरावरील परीक्षेतून भरल्या जाणाऱ्या लेखापरीक्षणाच्या पदांनाही कोणतीही पदवी चालते. स्पर्धा तीव्र आहे, पण निवड झालेल्याला शिकत असताना पगार मिळतो. शाखा बदलू पाहणाऱ्यांच्या चर्चेत हा पर्याय क्वचितच येतो.

काम बदलते आहे

दुसरीकडे, या व्यवसायातील कामाचे स्वरूपही झपाट्याने पालटत आहे. वस्तू व सेवा करातील ई-इन्व्हॉइसची सक्ती ऑक्टोबर २०२० मध्ये पाचशे कोटींहून अधिक उलाढालीच्या उद्योगांपासून सुरू झाली आणि ऑगस्ट २०२३ पर्यंत ती पाच कोटींवरील उलाढालीपर्यंत खाली आली. एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना प्रत्येक फेरफाराची नोंद राखणारीच लेखा-संगणकप्रणाली वापरावी लागते. बिल पाहून नोंद टंकित करणे हे काम यंत्राकडे सरकत आहे. म्हणूनच तीन महिन्यांचा टॅली आणि जीएसटीचा वर्ग करून कायमची नोकरी मिळेल, या आशेवर शाखा बदलणे धोक्याचे आहे. अशा वर्गातून पहिली नोकरी मिळू शकते. वरची पायरी मात्र त्यातून मिळत नाही.

उलट, नोंदींच्या ढिगातून विसंगती शोधणे, प्रणालीत पळवाट कोठे आहे हे ओळखणे आणि आकड्यांमागचा व्यवसाय समजून घेणे, या कौशल्यांची किंमत वाढत आहे. येथे अभियंता, संख्याशास्त्रज्ञ किंवा अर्थशास्त्राचा पदवीधर मागे नाही. कायद्यांच्या बाबतीतही नवागत आणि जुना जाणकार यांच्यातील अंतर कमी झाले आहे. कंपनी कायदा २०१३ चा, दिवाळखोरी संहिता २०१६ ची, वस्तू व सेवा कर जुलै २०१७ चा आणि १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारा आयकर अधिनियम २०२५ चा. जुनी कलमे पाठ असलेल्यालाही नवी पाने उलटावी लागणार आहेत. न बदलणारी गोष्ट एकच, ती म्हणजे जमा आणि नावे यांचा पाया. नेमका तोच इतर शाखांतून येणाऱ्याकडे नसतो.

पूल कोणी बांधायचा?

यातून काही गोष्टी स्पष्ट होतात. शाखा बदलू पाहणाऱ्याने नोकरीचा राजीनामा देण्यापूर्वी स्वतःची परीक्षा घ्यावी. संस्थेचे फाउंडेशनचे अभ्याससाहित्य तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहे. संध्याकाळचे दोन तास काढून चार-सहा महिन्यांत त्यातील लेखाकर्माचा भाग हाताने सोडवता येतो. परीक्षा माफ असली तरी अभ्यास माफ नाही, असे समजून तो पूर्ण करावा. न जुळणारी तेरीज जुळवण्यात ज्याला गोडी वाटते, त्याने पुढे जावे. ज्याला पंधरा दिवसांत कंटाळा येतो, त्याला तो कंटाळा पुढे चाळीस वर्षे सोबत करील. दुसरे म्हणजे, किमान चार वर्षांच्या खर्चाची तरतूद कागदावर मांडावी आणि ती घरच्यांसमोर ठेवावी.

मात्र सगळी जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकून भागणार नाही. संस्थेने थेट प्रवेश दिला, पण प्राथमिक लेखाकर्माचा पेपर इंटरमीजिएटमधून गेल्यावर वाणिज्येतर पदवीधरांसाठी सक्तीचा छोटा पूरक अभ्यासक्रम असणे हे तर्काला धरून आहे. महाविद्यालयांनाही विज्ञान आणि कला शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तपालनाचा ऐच्छिक विषय उपलब्ध करून देता येईल. लेखासंस्थांनी विद्यावेतनाचा आकडा शहरातील राहणीच्या खर्चाशी जोडला, तर गरजू घरांतील गुणी मुलेही या वाटेला येतील. हे होत नाही तोवर थेट प्रवेशाचा लाभ मिळेल तो ज्यांना पाया स्वतः घालणे आणि तीन-चार वर्षे कमाईविना काढणे परवडते, त्यांनाच.