वस्तीच्या ओट्यावरून : काळा कोट कोणाचा?



गेल्या रविवारी आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात वंदनेनंतर एका मुलाचा सत्कार झाला. वडील सफाई खात्यात, आई चार घरची धुणीभांडी करते आणि पोरगा वकील झाला. हार झाले, भाषणे झाली. शेवटी एक आजी पुढे आल्या आणि म्हणाल्या, "बाळा, आता आमचे कागद तू बघशील ना?" पोरगा नुसता हसला. आजींचा तो प्रश्न घरापर्यंत आमच्या मागे आला. त्यावरूनच आज अ‍ॅडव्होकेट बी. सी. कांबळे यांची आठवण झाली.

बापू चंद्रसेन कांबळे हे सांगली जिल्ह्यातील पलूसचे. जन्म १९१९ चा. कायद्याचे शिक्षण घेतलेला हा माणूस बाबासाहेबांच्या चळवळीत आला. बाबासाहेबांच्या 'जनता' पत्राच्या संपादकांमध्येही त्यांचे नाव आहे. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्यावेळच्या मुंबई राज्याच्या विधानसभेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा एकच उमेदवार निवडून आला. ते कांबळेसाहेब!

तीनशेहून अधिक आमदारांत आपला माणूस एक. एकट्या आमदाराने सरकार पडत नाही, कायदाही मंजूर होत नाही. पण प्रश्न विचारता येतो. विधेयकाला दुरुस्ती सुचवता येते. मंत्र्याला उत्तर द्यावे लागते आणि ते कामकाजात कायमचे छापले जाते. त्यासाठी विधेयकाचे कलम न् कलम वाचावे लागते. नुसता आवाज मोठा असून तिथे भागत नाही. वकिलीचा उपयोग तो इथे! पुढे १९५७ मध्ये कोपरगावहून आणि १९७७ मध्ये मुंबईतून ते लोकसभेतही गेले.

आता एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच काळात फुटला. कांबळेसाहेबांचा गट 'दुरुस्त' आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचा गट 'नादुरुस्त' म्हणून ओळखला जाऊ लागला. घटनेच्या चौकटीत, शिकलेल्यांनी पक्ष चालवावा, असे एकांचे म्हणणे. भूमिहीनाला जमीन मिळवून देण्यासाठी रस्त्यावर उतरावे, हा दुसऱ्यांचा मार्ग. आमचे वडील सांगत, त्या दिवसांत सख्खे भाऊ एका ताटात जेवत नव्हते. आज शांतपणे विचार केला तर वाटते, समाजाला दोन्ही हवे होते. जमिनीसाठी तुरुंगात जाणारा हवा होता आणि कायदा वाचणाराही. दोघे वेगळे झाले, नुकसान आपले झाले. मोठ्या माणसाचे गुण गाताना ही गोष्ट झाकून ठेवू नये, असे आम्हाला वाटते.

कांबळेसाहेबांनी त्यानंतर लेखणीही खाली ठेवली नाही. 'समग्र आंबेडकर चरित्र' त्यांनी खंडामागून खंड लिहून काढले. २००६ मध्ये ते गेले. विहाराच्या कपाटात त्यांचे खंड असतील तर धूळ झटकून वाचा.

काहीजण म्हणतील, या जुन्या गोष्टींचा आमच्या संसाराशी काय संबंध? आहे! १९५६ मध्ये आपल्या आईबापांनी धम्म स्वीकारला. पण अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांना जागा नव्हती. राज्याच्या सवलती १९६० पासून मिळाल्या, पण केंद्राच्या नाहीत. दाखल्यावर 'बौद्ध' लिहिणाऱ्याच्या मुलाला रेल्वे आणि टपाल खात्याच्या भरतीत राखीव जागेवर हक्क सांगता येत नव्हता. एका शब्दापायी कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. ती दुरुस्ती १९९० मध्ये झाली. मोर्चे निघाले, निवेदने गेली, पण शेवटी बदलावी लागली ती कायद्यातली ओळ. चौतीस वर्षे लागली!

आम्ही कारकुनी करतो. टेबलाच्या पलीकडे उभ्या राहिलेल्या आपल्या माणसाचा चेहरा आम्हाला ठाऊक आहे. नावात एक काना चुकलेला असतो, आजोबांचा पुरावा सापडत नसतो आणि प्रवेशाची शेवटची तारीख उद्यावर आलेली असते. अशा वेळी अर्ज कसा करावा, अपील कोणाकडे करावे, हे सांगणारा एक माणूस वस्तीत असला, तर मुलीचे वर्ष वाचते.

म्हणून शिकलेल्या वकील भावाबहिणींना हात जोडून विनंती. व्यवसाय करा, चार पैसे कमवा, घर बांधा. तुमच्या आईबापांनी त्यासाठीच हाल काढले. पण आठवड्यातून एक तास विहारात बसा. आणि समाजबांधवांनो, आपलेही चुकते. आपण वकिलाला हार घालतो, जयंतीला व्यासपीठावर बसवतो आणि कोर्टाची तारीख टळून गेल्यावर कागद घेऊन त्याच्या दारात जातो. कागद वेळेवर दाखवा. सगळे खरे सांगा. त्याचा जाण्यायेण्याचा खर्च तरी वर्गणीतून द्या.

जाता जाता आनंदाची बातमी. बुधवारी तो मुलगा आमच्या घरी आला. म्हणाला, "काका, आजींना सांगा, येत्या रविवारपासून वंदनेनंतर मी बसेन." आम्ही आजींना निरोप दिला. त्यांनी लगेच फळीवरची पत्र्याची पेटी खाली काढायला सांगितली.

तुम्हीही या. येताना हार नको, कागद घेऊन या.

जयभीम!