पाठांतराशिवाय भाषण

वर्गातील भाषण म्हणजे एका विषयावर दोन-तीन मिनिटे, उभे राहून, समोरच्यांना कळेल असे बोलणे. महाराष्ट्रातील शाळांत त्याचे प्रसंग ठरलेले आहेत. १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती, ५ सप्टेंबरला शिक्षकदिन, ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती, १९ फेब्रुवारीला शिवजयंती. बहुतेक ठिकाणी या दिवशी तीच चार-पाच मुले पुढे येतात. भाषण कोणी मोठ्यांनी लिहून दिलेले असते आणि ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजन वर्ग’पासून ‘एवढे बोलून माझे दोन शब्द संपवतो’पर्यंत ते पाठ असते. उरलेला वर्ग टाळ्या वाजवतो. दहा वर्षे टाळ्याच वाजवून दहावीतून बाहेर पडणारी मुले कमी नाहीत, आणि त्यांना ‘बुजरी’ म्हणून सोडून देणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. मधल्या सुट्टीत हीच मुले ‘आउट’ की ‘नॉट आउट’ यावर तावातावाने भांडतात. बोलणे त्यांना येतेच. दुसऱ्याने दिलेला विषय, दुसऱ्याचे शब्द आणि एकदम सगळी शाळा समोर, हे झेपत नाही.

नुसते गुण ठेवून मुले बोलायला शिकत नाहीत. दहावीच्या भाषा विषयांतील तोंडी परीक्षेचे २० अंतर्गत गुण सढळ हाताने वाटले जातात, असा आक्षेप होता. २०१८-१९ मध्ये ते बंद झाले, मार्च २०१९ चा निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला आणि पुढच्याच वर्षी ते गुण परत आले. या सगळ्या चर्चेत निकालाचा विचार झाला. मुले बोलायला शिकली का, हा प्रश्न मागेच राहिला.

शिकवण्याची सुरुवात विषयापासून होते. पहिला विषय मुलाला शिक्षकापेक्षा जास्त ठाऊक असलेला हवा: पंक्चर कशी काढतात, भाकरी फुगत का नाही, बाजारात शेळी विकत घेताना काय पाहतात. ज्या घरी शेळ्या आहेत त्या घरची मुलगी या शेवटच्या विषयावर अडत नाही. तिला आधी एका वाक्यात मुद्दा सांगायला लावावा: अंगाने मोठी दिसणारी शेळी चांगली असतेच असे नाही. मग पोस्टकार्डाएवढ्या कागदावर फक्त पाच शब्द लिहावेत: दात, कास, डोळे, खूर, भाव. दातांवरून वय कळते, कासेवरून दुधाचा अंदाज येतो. प्रत्येक शब्दामागचे तिला माहीत आहे. हे झाले टाचण. पूर्ण भाषण लिहून घेण्याचा मोह शिक्षकाने टाळावा, कारण लिहिले की पाठ होते, आणि पाठ केलेल्या भाषणात एक शब्द निसटला की पुढची सगळी साखळी तुटते. टाचणावर बोलणाऱ्याचा शब्द निसटला तर तो दुसरा वापरतो आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पाठ करायचीच तर दोन वाक्ये करावीत, पहिले आणि शेवटचे. सुरुवातीला पाय सर्वांत जास्त लटपटतात आणि शेवटी कुठे थांबावे ते कळत नाही.

भाषेचा अडसर याहून खोल आहे. घरी अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाने ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हटले आणि वर्ग हसला, की ते मूल पुन्हा हात वर करत नाही. मातृभाषा गोंडी किंवा कोरकू असलेल्या मुलांना तर प्रमाण मराठी ही नवीच भाषा असते. भाषण चालू असताना उच्चार सुधारणे ही शिक्षकाच्या हातून होणारी सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पहिली फेरी घरच्या बोलीत होऊ द्यावी. विचार एकदा जिभेवर आले की तेच प्रमाण भाषेत सांगणे पुष्कळ सोपे जाते, आणि दोन्ही रूपे आपलीच आहेत हे मुलाला कळते.

सराव मोठ्याने करायचा असतो. मनातल्या मनात केलेला सराव तोंडाला उपयोगी पडत नाही. आधी एकट्याने भिंतीसमोर, मग शेजारच्याला, मग चौघांच्या गटात आणि शेवटी वर्गापुढे, अशा पायऱ्या ठेवाव्यात. वेळ पुरत नाही ही शिक्षकांची तक्रार खरी आहे. ४० मुलांनी प्रत्येकी २ मिनिटे वर्गापुढे बोलायचे तर नुसत्या बोलण्यालाच ८० मिनिटे लागतात. चौघांच्या गटांत मात्र एका वेळी दहा मुले बोलतात आणि ८ मिनिटांत सगळ्यांची एक फेरी होते. त्या वेळचा गलका उपकारकच असतो, कारण त्यात आपले बोलणे तिघांपलीकडे कोणाला ऐकू जात नाही. रोजच्या परिपाठातही बातमी किंवा दिनविशेष सांगायला नेहमीच्या मुलांऐवजी न बोलणाऱ्यांना पाठवता येते. एक वाक्य सांगणे हीसुद्धा पायरीच आहे.

भीती मात्र उरतेच. घसा कोरडा पडतो, हाताला घाम येतो, आणि हे सगळ्यांना दिसते आहे असे बोलणाऱ्याला वाटते. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की मनातली धडधड बाहेर वाटते तेवढी दिसत नाही, आणि ही गोष्ट आधी सांगितलेल्या विद्यार्थ्यांची भाषणे अधिक चांगली झाली. ‘घाबरू नकोस’ म्हणण्याने भीती जात नाही. ‘तुझी धडधड तुला वाटते तेवढी आम्हाला दिसत नाही’ हे सांगणे खरेही आहे आणि कामाचेही. अडखळले तर आधीचे वाक्य पुन्हा म्हणावे आणि टाचणाकडे पाहावे, एवढे आधीच शिकवून ठेवावे. नजर आणि हातवारे यांचे धडे नंतर दिले तरी चालतात.

ऐकणाऱ्यांनाही काम हवे. कोणी नवी कळलेली एक गोष्ट टिपावी, कोणी एक प्रश्न विचारावा. प्रश्नानंतर शिक्षकाने घाई करू नये. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या वर्गनिरीक्षणांत शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबत. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरे लांबली. शिक्षकाचा अभिप्राय ‘छान’ एवढाच नसावा. काय नेमके कळले ते सांगावे आणि पुढच्या वेळी बदलायची एकच गोष्ट सांगावी. तोतरे बोलणाऱ्या मुलाचे शब्द कोणीही पुरे करू नयेत, ‘सावकाश बोल’ असेही म्हणू नये. त्याला लागेल तेवढा वेळ द्यावा. वर्गापुढे येणे ज्याला अजून जमतच नाही, त्याने शिक्षक आणि दोन मित्रांपुढे बोलावे. भाषणातून कायमची सुटी देणे म्हणजे मदत नव्हे.

महिन्यातून एक भाषण झाले तर डिसेंबरपर्यंत मुलाची पाच-सहा भाषणे होतात. मग ३ जानेवारीचे, सावित्रीबाईंवरचे भाषणही टाचणावर करता येते. सगळे चरित्र सांगायची गरज नसते. १८४८ मध्ये पुण्यातील भिडे वाड्यात सुरू झालेली मुलींची शाळा एवढा एकच प्रसंग घ्यायचा आणि आदल्या दिवशी घरी आजीला विचारायचे, तू कितवीपर्यंत शिकलीस, पुढे का नाही शिकलीस? टाचणावर पाच शब्द येतात: भिडे वाडा, १८४८, आजी, चौथी, मी.